बकऱ्या, कुऱ्हाड आणि काडेपेटी : विस्कॉन्सिनमधल्या ओकच्या माळाची गोष्ट

माळकरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, परवा पहिला बर्फ पडला आणि बाहेरची कामं थांबली म्हणून शेवटी टायपायला बसलोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही २०१६ ला अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या पश्चिमेला, गाडीने पाऊण तासावर, सहा एकर जागा घेतली. टेकड्या टेकड्यांचा भाग आहे, हिमयुगातला बर्फ या पट्ट्यात पोचलाच नाही म्हणे त्यामुळे आजूबाजूसारखं सपाट झालेलं नाही. बायकोचं आजोळ पुरंदरकडचं, तिला ते बघूनच जागा आवडली. एजंट म्हणाला घनदाट जंगल आहे, प्रायव्हसी एकदम मस्त. मी तर शाळेत 'झाडे लावा झाडे जगवा'वर निबंध लिहून कंपासपेटी मिळवलेला माणूस, जागेबरोबर जंगल फुकट म्हटल्यावर काय विचारता.

त्याच वर्षी पानगळीत शेजारचे एक म्हातारे शेतकरी भेटायला आले. चला तुमचं रान बघू म्हणाले आणि काट्याकुट्यातून सरळ आत घुसले, मी मागून फांद्या चुकवत. एका झाडापाशी थांबले. बुंधा असा की मी आणि बायको दोघांनी मिळून मिठी मारली तरी हात भिडेनात. खालच्या फांद्या जाडजूड, अगदी आडव्या पसरलेल्या, आणि सगळ्या वाळलेल्या. आजोबा म्हणाले हे झाड जंगलात वाढलेलं नाही. जंगलातलं झाड उजेडासाठी सरळ वर पळतं, ते खाली असे हात पसरत बसत नाही. हे लहान होतं तेव्हा चारी बाजूंनी ऊन होतं, म्हणून हे असं ऐसपैस. आणि ही तुझी झुडपं आता त्याला अंधारात घालून मारतायत.

झालं, तिथून डोक्यात किडा घुसला.

ते झाड म्हणजे बर ओक. साल बुचासारखी जाड आणि खरबरीत, आग लागली तरी आतलं झाड वाचतं. इथे पूर्वी असाच माळ होता, लांब लांब अंतरावर ओक आणि मधे कमरेइतकं गवत आणि फुलं. त्याला ओक सॅव्हाना म्हणतात. सॅव्हाना म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जिराफ येतो पण एकट्या विस्कॉन्सिनात असा माळ अंदाजे ५५ लाख एकर होता! जॉन कर्टिस म्हणून इथल्या विद्यापीठातले वनस्पतीवाले प्राध्यापक होते, त्यांनी १९५९ मध्ये हा हिशोब मांडलाय. १९८५ मध्ये पूर्ण मिडवेस्टची (अमेरिकेच्या मधल्या उत्तर पट्ट्याची) पाहणी झाली तर बऱ्या अवस्थेतले जेमतेम ११३ तुकडे सापडले, सगळे मिळून २६०० हेक्टर. म्हणजे पूर्ण मिडवेस्टमधल्या मूळच्या माळाच्या ०.०२ टक्के.

गेला कुठे? बराचसा नांगराखाली गेला हे उघड आहे. पण जो नांगरला नाही तो आग थांबल्यामुळे गेला, हे मला माहीतच नव्हतं. हो-चंक वगैरे इथले मूळचे लोक मुद्दाम गवत पेटवायचे, नवं कोवळं गवत आलं की हरणं, एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) चरायला येतात, शिकारीला मोकळं रान मिळतं. १८३० च्या दशकात करार करून करून त्यांना हाकललं, गोरे शेतकरी आले, त्यांनी साहजिकच आगी विझवल्या. ओकची कितीतरी रोपं गवतात दबून होती, वरचा फुटवा दर दोनचार वर्षांनी जळायचा, पण जमिनीखाली गड्डा जुना आणि दणकट. आग थांबल्यावर ती सगळी एकदम वर आली. पुढे मोठा निसर्गलेखक झालेला जॉन म्यूर १८४९ ला लहानपणी स्कॉटलंडहून इथे आला, त्याने स्वतः बघून लिहून ठेवलंय की काही वर्षांतच मोकळ्या माळाचं इतकं दाट रान झालं की आतून चालता येईना.

त्यात पुन्हा बकथॉर्न. युरोपातून कुंपणाला म्हणून आणलेलं झुडूप. पक्षी फळं खातात, फळं जुलाबाची, त्यामुळे बी लगेच पुढच्या फांदीखाली पोच! आमच्या सहा एकरांतलं घनदाट जंगल म्हणजे निम्मं हेच निघालं. ओळखायची सोपी खूण, नोव्हेंबरात सगळी झाडं बोडकी झाली तरी हे आपलं हिरवंगार.

मी राळेगण, हिवरे बाजारच्या बातम्या वाचत वाढलो. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. आणि आता बघा, दर शनिवारी मी करवत घेऊन झाडं पाडतोय, भाड्याने बकऱ्या आणून चारतोय, आणि एप्रिलमध्ये परवाना काढून स्वतःच्या जमिनीला आग लावायला निघालोय. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली डॉक्टरला दाखव.

बाकीचं हळूहळू प्रतिसादांत लिहितो.

चिंचोका

धाग्याचं नाव वाचून वाटलं ओक आडनावाच्या कुणाचा माळ आहे आणि भाऊबंदकीची गोष्ट असणार. आमच्या बिल्डिंगमधल्या ओककाकूंना लिंक पाठवलीये, त्यांचं म्हणणं आम्ही पण हल्ली दुर्मीळच झालोय.

बाकी आयडी माळकरी आहे म्हणून विचारतो, वारी वगैरे करता का?

माळकरी

हाहा. गळ्यात माळ नाही हो, पायाखाली माळ आहे. तेवढ्यावरच आयडी घेतला.

रानभूल

मस्त लिहिलंय, एका दमात वाचलं. बकऱ्यांचं जरा डिटेलमधे येऊ द्या ना. भाड्याने बकऱ्या म्हणजे काय प्रकार, अ‍ॅपवर मिळतात की काय? पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

माळकरी

अ‍ॅप नाही पण जवळपास तसंच. इथे काही शेतकऱ्यांचा धंदाच आहे तो, ट्रेलरमधून बकऱ्या आणतात, विजेच्या जाळीचं कुंपण लावतात, त्याला सोलर चार्जर, पाण्याचं टब ठेवलं की गेले. आमच्याकडे २२ आल्या होत्या. पाऊण एकराचा कप्पा करायचा, चारपाच दिवसांत त्यांचं तोंड पोचेल तिथवर एक पान राहत नाही, मग जाळी उचलून पुढचा कप्पा. मागच्या दोन पायांवर उभ्या राहून फांदी वाकवतात, एक जण दाबून धरतो आणि बाकीच्या खातात, मी वर्क फ्रॉम होमच्या मीटिंगा म्यूट करून खिडकीतून तेच बघत बसायचो.

पहिल्या वर्षी मला वाटलं जिंकलो. चार आठवड्यांनी पुन्हा फुटवा. बकथॉर्नचं मूळ काही मरत नाही एका चराईत, त्याने साठवलेलं संपेपर्यंत पुन्हा पुन्हा खायला घालावं लागतं, सलग तीनचार वर्षं तरी, आणि एका मोसमात दोनदा. मोठे बुंधे असतील तिथे बकरी चालत नाहीच, ते करवतीने कापायचे आणि खोडावर ब्रशने औषध (तणनाशक) लावायचं नाहीतर एका खोडाला दहा फुटवे. मी आधी औषधाच्या विरोधात होतो. दोन वर्षं नुसतं कापत राहिलो, पाठ गेली, बकथॉर्न तिथेच. आता लावतो, निळा रंग मिसळून म्हणजे कुठलं खोड राहिलं ते दिसतं.

बऱ्याच जणांना शंका असते की बकऱ्या फळं खाऊन बी पसरवतील. मिनेसोटात यावर अभ्यास झालाय, शेळीच्या पोटातून गेलं की बकथॉर्नचं बी फारसं टिकत नाही. पाखराचं काम वेगळं आणि रवंथ करणाऱ्याचं वेगळं.

शंकेखोर

लेख छान आहे पण मला काही पटत नाही. एकीकडे जग ओरडतंय झाडं लावा, कार्बन शोषा, आणि इथे चांगलं उभं असलेलं रान कापायचं कारण काय तर दोनशे वर्षांपूर्वी तिथे गवत होतं. मग त्याच्या आधी तिथे काय होतं? हिमयुगात आजूबाजूला सगळा बर्फ होता, तो पण परत आणणार का? निसर्ग बदलतो, बदलू द्यावा. माणसाने ठरवायचं कोणतं झाड चांगलं आणि कोणतं उपरं हे मला जरा आपल्याकडच्या 'परप्रांतीय' राजकारणासारखंच वाटतं.

पाव्हणा_शिकागोचा

शंकेखोर, हा वाद आमच्या शिकागोत चांगलाच पेटला होता. मी तेव्हा नव्हतो, पण इथले जुने लोक अजून सांगतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शिकागोच्या उत्तरेला स्टीव्ह पॅकार्ड आणि बाकी स्वयंसेवकांनी सरकारी रानांत हेच काम सुरू केलं होतं, झुडपं काढा, बिया पेरा, जाळा. सॉम प्रेअरी ग्रोव्ह त्यातलीच जागा. आजूबाजूच्या घरवाल्यांना कळलं की आपल्या मागची झाडं कापतायत, मग पत्रकं, सभा, भांडणं, आणि १९९६ मध्ये कुक काउंटीने (शिकागोचा जिल्हा) चक्क सगळ्या कामावर स्थगिती आणली. लोकांचा राग अगदीच चूक होता असं मला नाही वाटत, कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

पण एकदा जूनमध्ये सॉमला जाऊन बघा, आणि मग शेजारच्या बकथॉर्नच्या रानात जा. एकात पाऊल ठेवायला जागा नाही इतकी फुलं आणि भुंगे. दुसऱ्यात खाली नुसती काळी माती, गवताची काडी नाही, आणि पाऊस पडला की ती माती ओढ्यात.

माळकरी

+१. तीच काळी माती मला आमच्याकडे पहिल्या वर्षी दिसली. हिरवं दिसतं वरून, खाली काहीच नाही.

शंकेखोर, कार्बनचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण गवताळ माळाचा कार्बन मुळांमधे, जमिनीखाली असतो, फोटोत दिसत नाही एवढंच. आणि दोनशे वर्षांपूर्वीचं जसंच्या तसं आणायचं असं नाहीच्चे, ते होणारही नाही. माझं गणित साधं आहे. ओकचं रोप सावलीत जगत नाही. आमच्याकडे १४ म्हातारे ओक आहेत आणि त्यांच्या खाली एकही तरुण ओक नव्हता, एकही नाही, दरवर्षी टोपीवाली फळं पोत्यांनी पडून सुद्धा. म्हणजे काहीच केलं नाही तर हे १४ मरतील तेव्हा विषय संपला. निसर्गाला सोडून द्या म्हणणं म्हणजे इथे बकथॉर्नला सोडून द्या म्हणणं आहे. उपरं म्हणून राग नाही, माझ्या परसातला कढीपत्ता पण उपराच आहे (आणि दर हिवाळ्यात घरात येऊन बसतो).

अवांतर, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याइथून जवळ प्लेझंट व्हॅली कॉन्झर्वन्सी आहे, १४० एकर, टॉम ब्रॉक आणि त्यांच्या पत्नी कॅथी या दोघांनी १९९० च्या दशकापासून राबून राबून ओकचा माळ परत उभा केला. मुख्यतः करवत, आग आणि बिया. टॉम ब्रॉक म्हणजे कोण, तर ज्यांना साठच्या दशकात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत उकळत्याच्या जवळ जाणाऱ्या पाण्यात राहणारा जंतू सापडला. त्याच जंतूपासून पुढे पीसीआर टेस्टमधलं एन्झाइम मिळालं. कोविडमधे आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली ना, त्या टेस्टचं मूळ या माणसापर्यंत जातं. आणि म्हातारपणी हा माणूस बकथॉर्न कापत होता. २०२१ मध्ये गेले.

अनामिका७

बाप रे! पीसीआरवाला भाग मी सकाळी डब्याच्या सुट्टीत लॅबमधे सगळ्यांना वाचून दाखवला. धन्यवाद.

खांडवं

मी सहसा इथे नुसता वाचतो, लिहीत नाही, पण बकऱ्यांचा विषय निघालाय म्हणून लिहितोय. आमचं घर मेंढपाळाचं, फलटणकडचं. मी आता पुण्यात नोकरीला, पण वडील आणि चुलते अजून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत.

पहिली गोष्ट, तुम्ही सगळं बकऱ्यांवर टाकताय ते चुकतंय. शेळी तोंड वर करून खाते, पाला, शेंडा, झुडूप. मेंढरू मान खाली घालून चालतं, ते गवत बुडापासून खातं. आमच्या खांडव्यात मेंढरांबरोबर दहा पंधरा शेळ्या असतातच, पण काम वेगळं. तुमचा पाला संपला आणि खाली गवत आलं की त्या बकऱ्या तुमच्याच ओकच्या रोपाला लागणार, आणि काही नसलं तर साल सोलतील. एका जागेवर पाचवा दिवस म्हणजे जास्तच झाला. आमच्यात एका रानात फार राहत नाहीत, रान खराब होतं आणि जनावरालाही जंत होतात.

दुसरी गोष्ट, खरं म्हणजे तीच लिहायची होती. तुम्ही बकऱ्यांच्या मालकाला पैसे देऊन बोलावता. आमच्याकडे पण शेतकरी द्यायचे, अजून देतात, रात्री रानात मेंढरं बसवली की लेंडीचं खत होतं, त्याचं धान्य नाहीतर पैसे. पण माळावर मात्र आता उलटं आहे. जिथे आजोबा चारायचे तिथे चर खणलेत, ग्लिरिसिडिया (बाहेरून आणलेलं, झटपट वाढणारं झाड) लावलाय, वर बोर्ड आहे वृक्षलागवड, चराईस बंदी. आत गेलं की दंड. बरं तो ग्लिरिसिडिया मेंढरू तोंड सुद्धा लावत नाही नीट, आणि त्याच्याखाली गवत पण नाही. बाहेर हिवराखाली अजून कुसळी, डोंगरी, मारवेल दिसतं. अमेरिकेत बकरी चारायला पैसे देतात आणि आमच्याकडे दंड घेतात, आणि दोन्हीकडे कारण एकच सांगतात, पर्यावरण.

रानभूल

खांडवं, लिहीत जा हो. हा या धाग्यावरचा सगळ्यात भारी प्रतिसाद आहे.

माळकरी

खांडवं, तुमचा प्रतिसाद बायकोने दोनदा वाचला. ती म्हणते पुरंदरला आजोळी तिने हेच बघितलंय, टेकडीवरचं गवत गेलं आणि तारेचं कुंपण आलं.

पहिल्या मुद्द्यावर कान पकडतो. दुसऱ्या वर्षी मी तीन दिवस बाहेरगावी गेलो होतो, बकऱ्या आणलेला माणूस पण आला नाही, आणि कप्पा तसाच राहिला. परत आलो तर मी स्वतः जाळीचे पिंजरे घालून वाढवलेली आठ ओकची रोपं गायब, पिंजरे आडवे, आणि एका जंगली प्लमची साल गोल सोलून काढलेली. चूक माझीच, वेळेवर जनावर हलवलं नाही. आता तीन दिवसाच्या वर ठेवत नाही. जनावर हा प्रश्न नाही, ते कधी हलवायचं हा प्रश्न आहे, हे तुमच्या वडिलांना सांगायला नकोच.

महाराष्ट्राच्या माळाबद्दल, तुम्ही म्हणताय त्याला आता अभ्यासाचा पण आधार आहे. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा पेपर आला, त्यांनी जुनं मराठी साहित्य, लोककथा, ओव्या यांतले झाडांचे, गवताचे उल्लेख गोळा केले आणि दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहेत. जंगल तोडून उरलेली पडीक जमीन नाही ती. आपण मात्र सातबाऱ्यावर पडीक बघितलं की खड्डे खणायला घेतो.

शंकेखोर

बरं, ग्लिरिसिडियाचा मुद्दा मान्य. आमच्या टेकडीवर पण तोच आहे, मी इतकी वर्षं त्याला जंगल समजून मॉर्निंग वॉक करतोय.

पण मग बकऱ्याच का, मुळात तिथे बकऱ्या नव्हत्याच ना? बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे होते.

इलिनॉयची_मावशी

बायसनवर मी बोलू का, माझा हक्काचा विषय आहे. आमच्याकडे नाचुसा ग्रासलँड्स आहे (नाव ऐकून मला आधी नाचायचं वाटलं होतं). शिकागोहून पश्चिमेला दोन तासाच्या आत. नेचर कॉन्झर्वन्सी या निसर्गसंवर्धन करणाऱ्या संस्थेने १९८६ ला तिथे जागा घ्यायला सुरुवात केली, जुन्या मक्याच्या शेतात हाताने बिया पेरून माळ केला, मधे मधे ओकचे तुकडे पण आहेत. आणि २०१४ मध्ये तिथे बायसन आणले. मिसिसिपीच्या पूर्वेला असा राखीव माळावर सोडलेला कळप बघायचा म्हणजे काय सांगू, आम्ही तीन वेळा जाऊन एकदा दिसले, ते पण टेकडीआड काळे ठिपके. नवरा म्हणाला म्हशीच आहेत, म्हटलं गप्प बस.

बायसन मुख्यतः गवत खातो, फुलझाडांना फार हात लावत नाही. माळावर उंच गवत माजलं की फुलं दबतात, बायसनने गवत कातरलं की फुलांना जागा होते. शिवाय लोळतात, आपल्या म्हशी डबक्यात लोळतात तसे पण हे कोरड्या मातीत, त्याने खळगे होतात, त्यात पावसाचं पाणी साठून वेगळीच झाडं येतात. कॅन्ससला कोंझा म्हणून माळ आहे तिथे जवळपास तीन दशकं नोंदी ठेवल्या, बायसन असलेल्या भागात देशी वनस्पतींच्या जाती न चारलेल्या भागाच्या दुप्पट झाल्या. गाईगुरं असलेल्या भागात पण वाढल्या, पण तेवढ्या नाही. अर्थात ते उघडं गवत आहे, ओकचा माळ नाही.

माळकरी

मावशी, बरोबर. आणि शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, बायसन झुडपं खात नाही. एल्क थोडीफार खायचे. बकथॉर्न हे नवं दुखणं आहे त्यामुळे औषध पण नवं, बकरी. ती मूळची नाही आणि कायमची पण नाही, गर्दी मोडली की तिचं काम संपलं. मधला एक पर्याय हायलँड गुरं, ती लांब केसांची, झिपऱ्या डोळ्यावर आलेली स्कॉटिश जात. ती गवताबरोबर झुडूपही खाते आणि आपल्या वजनाने मोडत चालते. इथल्याच लाफायेत काउंटीत यलोस्टोन म्हणून एक वन्यजीव क्षेत्र आहे (ते झऱ्यांचं यलोस्टोन नव्हे), तिथे विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्यावर प्रयोग केला, झुडपं कमी झाली. पण गुरं फार वेळ ठेवली की माती घट्ट होते, ओकच्या मुळांवर तुडवण होते. सहा एकरात मी बायसन काय आणि हायलँड काय, कुठे ठेवणार! बायको म्हणते आधी कुत्रा पाळून दाखव.

आणि एक स्पष्ट सांगतो, जनावर आगीची जागा घेत नाही. बकरी पाला खाते, पण जमिनीवर साठलेला ओकच्या पानांचा थर तसाच राहतो. तो जळला तर खालच्या बियांना ऊन लागतं, काळी जमीन लवकर तापते आणि गवत जोरात येतं.

सड्यावरची

इथे थोडं थांबवते. मी रत्नागिरीची. आमच्याकडे वणवा म्हणजे काय ते दर फेब्रुवारी मार्चला बघतो, काजू आंब्याच्या कलमांच्या बागा जातात, गोठे जातात. कुणीतरी हा धागा वाचून अमेरिकेत पण जाळतात म्हणून काडी टाकायचा. प्लीज हे ठळक लिहा.

माळकरी

ताई, अगदी बरोबर. ठळकच समजा. हे ज्या झाडांना आगीची सवय आहे तिथलं, आणि माणसं शिकवून, परवाना काढून केलेलं काम आहे. वाऱ्याचा वेग, हवेतली आर्द्रता बघून दिवस ठरतो, आमचा दोन वर्षं ठरून ठरून रद्द झाला. सभोवती पट्टा साफ करून आधी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने हळू जाळत आणतात, पाठीवर पाण्याचे पंप घेतलेले लोक, हातात रबरी झोडपणी. सगळी जमीन एका वर्षी जाळत नाहीत, निम्मी ठेवतात, नाहीतर गवतात झोपलेले किडे, फुलपाखरांची अंडी सगळंच जाईल. कोकणातल्या सड्याला (कातळाच्या पठाराला) हे लागू करायचं तर तिथल्या माणसांनी तिथला अभ्यास करून ठरवावं, मी विस्कॉन्सिनात बसून नाही.

बीजवई

बियांबद्दल कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते, झुडपं गेली, मग देशी फुलं आपोआप आली की पेरली? कुठून आणता बी?

माळकरी

दोन्ही. हा माझा सगळ्यात आवडता भाग, थांबवा मला.

पहिल्या वसंतात काहीच पेरलं नव्हतं, तरी जिथे ऊन पोचलं तिथे पेन्सिल्व्हेनिया सेज नावाची बुटकी गवतासारखी लव उठली आणि दोन ठिकाणी शूटिंग स्टार. ते फूल म्हणजे वाऱ्याने छत्री उलटी होते ना तसं, पाकळ्या मागे वळलेल्या. किती वर्षं अंधारात पानं काढून जीव धरून बसलं होतं देव जाणे. पण बाकी बहुतेक जमिनीत काही उरलेलं नव्हतं, तिथे पेरावं लागतं.

इथे एक गट आहे, सप्टेंबर ऑक्टोबरात जवळच्या राखीव माळावर परवानगीने बी गोळा करतो. नियम असा की एका जागचं सगळं ओरबाडायचं नाही, थोडं घ्यायचं आणि बरंच ठेवायचं. शक्यतो आसपासचंच बी, टेक्सासचं लिटल ब्लूस्टेम गवत दिसायला तेच पण इथल्या थंडीची त्याला सवय नाही. मग गॅरेजमधे पेपरवर वाळवायचं, चाळायचं, पाखडायचं. पाखडायला मी घरचं सूप काढलं, आईने गौरीसाठी पाठवलेलं! गटातल्या सगळ्या आज्या खूश, त्यातल्या दोघींनी आता ऑनलाइन सूप मागवलंय.

क्रीम जेन्शियन या फुलझाडाचं बी धुळीसारखं, शिंकलात तर गेलं. म्हणून ओल्या लाकडी भुशात मिसळून टाकतो. आणि पेरणी डिसेंबर जानेवारीत, बर्फावर! मला पहिल्यांदा वेडेपणा वाटला. पण यातल्या बऱ्याच बियांना दोनतीन महिने ओली थंडी मिळाल्याशिवाय त्या उगवतच नाहीत, आणि जमीन गोठते वितळते तशा भेगा पडून बी आपोआप आत जातं. नांगर नको काही नको. आपली धूळपेरणी असते ना पावसाच्या भरवशावर, तशी ही बर्फपेरणी. मग पहिली दोन वर्षं काहीच दिसत नाही, सगळं मुळात चालू असतं, आणि माणूस हताश होऊन धागे लिहितो.

चिंचोका

गौरीच्या सुपात जेन्शियन. ओककाकू म्हणतायत की आम्ही येतो बघायला, तिकीट काढा.

खांडवं

विषारी झाडपाला काय आहे तिकडे? परक्या रानात जनावर घालताना आम्ही आधी तेच विचारतो.

माळकरी

चांगला प्रश्न. पांढऱ्या फुलांचं व्हाइट स्नेकरूट म्हणून आहे, सावलीत येतं. त्याचं विष जनावराच्या दुधात उतरतं. अब्राहम लिंकनची आई १८१८ मध्ये अशा दुधानेच गेली असं मानतात, तो नऊ वर्षांचा होता. बकऱ्यांना पण बाधतं. म्हणून त्या आणायच्या आधी मी कप्प्यातून एक फेरी मारून उपटून काढतो, आणि भरपूर दुसरा पाला असेल तिथेच सोडतो, उपाशी जनावर काहीही खातं. माणसांसाठी वाइल्ड पार्सनिप, त्याचा रस कातडीला लागून ऊन लागलं की फोड येतात, माझ्या मनगटावर अजून डाग आहे. आणि गोचीड. पँट मोज्यात खोचायची, लाज वाटली तरी.

खांडवं

वडिलांना फोनवर सांगितलं. म्हणाले, उन्हाचं जनावर आधी पाणी पाजून मग नव्या रानात घालायला सांग, आणि सकाळी दवातलं गवत नको, जंत होतात. अजून विचारतायत की लांडगा आहे का तिकडे.

माळकरी

आमच्या भागात कोयोट आहेत, लांडगे राज्याच्या उत्तरेला. वडिलांना नमस्कार सांगा. दवाचं लक्षात ठेवतो, हे इथल्या कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नव्हतं.

माळकरी

धागा वर काढतोय. एप्रिल संपला, अपडेट द्यायची राहिली होती.

तिसऱ्या आठवड्यात शेवटी दिवस मिळाला, अडीच एकर जाळलं. चाळीस मिनिटांत संपलं, त्याची तयारी दोन वर्षं. म्हाताऱ्या ओकच्या बुंध्यापाशी मी आधीच पानं ओढून घेतली होती तरी एक बाजू काळी झालीये, साल धडधाकट आहे. दहा दिवसांनी राखेतून हिरवं आलं. लाल डोक्याचा सुतारपक्षी आला, पहिल्यांदाच, मेलेल्या आडव्या फांदीवर बसला होता. ती फांदी मी तोडणार होतो, आता नाही. तसंही एप्रिल ते जुलै इथे ओकला करवत लावतच नाहीत, ताज्या कापावर भुंगे येतात आणि ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग घेऊन येतात.

ओकची नवी रोपं मोजली. अकरा. सगळी ऊन आलं त्या बाजूला, पिंजऱ्यात. त्यातली तीन मी लावलेलीच नाहीत, खारीने पुरून विसरलेली असणार.

बकऱ्या जूनमधे येतायत, यंदा बाराच, आणि खांडवं म्हणाले तसं बरोबर चार मेंढ्या सांगितल्यात. मालक म्हणाला मेंढ्या कशाला. म्हटलं फलटणहून सल्ला आलाय.

पाव्हणा_शिकागोचा

पुढचं जाळणं कधी? मी आणि मुलगा येऊ मदतीला, तो पंधराचा आहे.

माळकरी

बहुतेक नोव्हेंबर, जमलं तर. मुलाला आगीच्या रेषेवर घेता येणार नाही, पण पाणी भरायला, बाहेरून नजर ठेवायला चालेल. सुती जाड कपडे घालून या, जीन्स चालेल, नायलॉन आणि फ्लीस अजिबात नको, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतं. चामड्याचे बूट. जेवण आमच्याकडे, फक्त सकाळी सातला हजर राहा कारण परवान्याचा फोन आठच्या आत करावा लागतो.